एकशे एकाव्या सेकंदाला काय करायचं? तालमीतल्या पोरांना खुलं पत्र

कोल्हापुरातल्या समस्त पेठांतल्या तालमी, तरुण मंडळं आणि त्यांचे आजी-माजी अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, यांना नमस्कार.

मी फ्लेक्स छापतो. तुमच्यातले निम्मे मला तोंडानं ओळखतात, उरलेले उधारीनं. गेली अठरा वर्षं हाच धंदा आहे, त्यामुळं सहा मेला, शाहू महाराजांच्या स्मृतिदिनाला, फ्लेक्सवर खर्च करू नका म्हणून सांगणारं हे पत्र म्हणजे आपल्याच पोटावर आपलाच पाय आहे हे मला माहीत आहे, बायकोनं पण सांगितलं, पण आता लिहायला बसलोय तर लिहूनच टाकतो.

झालं काय, की मागं एकदा मे महिन्याच्या सुरुवातीला एक पोरगं दुकानात आलं, मंडळाचं नाव सांगत नाही, चांगली पोरं आहेत. दहा बाय आठचा फ्लेक्स पाहिजे म्हणाला. मोबाइलवर मजकूर पाठवला. मजकूर असा, "लोकराजा राजर्षी छत्रपती शाहू महाराज यांच्या स्मृतिदिनाच्या हार्दिक शुभेच्छा!" खाली तेवीस जणांचे पासपोर्ट फोटो, वर साहेबांचा मोठा, आणि महाराज जरा डाव्या कोपऱ्यात, फेट्याचा तुरा कापला गेलेला. मी म्हटलं, भावा, स्मृतिदिन म्हणजे महाराज गेले तो दिवस, शुभेच्छा कसल्या देतोस? पोरगं गप्प झालं. मग म्हणालं, "काका, जयंतीचाच मजकूर होता, तारीख तेवढी बदलली." मी शुभेच्छा काढून 'विनम्र अभिवादन' टाकलं, छापून दिला, पैसे घेतले. म्हणजे मी काय शहाणा लागून गेलो नाही. तेवीस फोटो मीच बसवले.

पण त्या पोराला तरी कसं माहीत असणार सांगा. २६ जूनला जयंती येते, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, पोरं प्रभातफेरी काढतात, घोषणा देतात, सामाजिक न्याय दिन म्हणून सरकारी ऑफिसात पण कार्यक्रम असतो. सहा मे मात्र भर उन्हाळ्याच्या सुट्टीत. शाळेला कुलूप, पोरं मामाच्या गावाला नाहीतर नदीला. त्यामुळं महाराज जन्मले कधी ते आपल्या पोरांना पाठ असतं, आणि गेले कसे, कुठं, किती वर्षांचे होते, हे विचारलं तर मोठी माणसं पण इकडं तिकडं बघतात. मी पण बघत होतो. मग जरा वाचलं, जुन्या माणसांना विचारलं.

अठ्ठेचाळीस पण पूर्ण नव्हते ओ. १८७४ च्या जूनचा जन्म आणि १९२२ च्या मे महिन्यात गेले. मी आज एकावन्न वर्षांचा आहे, माझ्यापेक्षा लहान होते ते जाताना! हा हिशेब मी दुकानात बसून पहिल्यांदा केला तेव्हा मला कसंतरीच झालं, कारण फोटोत ते कायम एवढे भारदस्त दिसतात, ती अंगकाठी, त्या मिशा, की आपल्याला वाटतं म्हातारपणी गेले असणार. आणि गेले ते कोल्हापुरात पण नाही. मुंबईत, खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये, ६ मेच्या पहाटे. चरित्रांतून त्यांचे शेवटचे शब्द म्हणून सांगतात ते असे, की मी जायला तयार आहे, डर कुछ नहीं, सबको सलाम बोलो. मराठीत सुरू झालं आणि हिंदीत संपलं. मला हे फार खरं वाटतं. आपल्याकडं रांगडा माणूस मनातलं बोलायला लागला की हिंदीत घुसतोच, मैदानावर उतरलेला पैलवान बघा. ज्यानं खासबागचं मैदान बांधलं तो माणूस जाताना असंच बोलणार.

एक गोष्ट अशी की आपल्या गादीला परक्या जागी मरण यायचा जणू शापच होता. दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडहून परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला गेले, विशीत होते. तिथल्या आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तिथं त्यांचा पुतळा अजून आहे, आणि तिथले लोक शेजारच्या पुलाला 'इंडियन'चा पूल म्हणतात. नंतर चौथे शिवाजी महाराज, त्यांना वेडे ठरवून इंग्रजांनी अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं, तिथं १८८३ मध्ये गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत गेले. ते पण विशीतच. त्यांच्या मागं गादी रिकामी, म्हणून कागलच्या घाटग्यांच्या घरातला नऊ वर्षांचा यशवंत १८८४ च्या मार्चमध्ये दत्तक आला आणि शाहू झाला. म्हणजे आपल्याला हा राजा मिळाला तोच मुळी एका वाईट मरणातून, आणि गेला तो पण घरापासून लांब.

पार्थिव कोल्हापूरला आणलं, पंचगंगेच्या काठी अग्नी दिला. पंचगंगा हो. ज्या पंचगंगेवर १८९९ च्या कार्तिकात स्नानाला गेल्यावर भटजीनं वेदोक्त म्हणजे वेदांतले नाही, पुराणोक्त म्हणजे पुराणांतले मंत्र म्हटले, आणि वर का तर तुम्ही शूद्र म्हणून, तीच नदी. छत्रपतीला असं ऐकून घ्यावं लागलं तर बाकीच्यांचं काय होत असेल, हे त्या माणसाला तिथं पाण्यात उभं असताना कळलं असणार. पुढं १९०२ मध्ये सरकारी नोकरीतल्या ५० टक्के जागा मागासलेल्यांना राखून ठेवल्या तो हुकूम आपल्याला माहीतच आहे, त्यावर फ्लेक्स पण लई छापलेत मी, त्यामुळं ते इथं सांगत बसत नाही.

मला सांगायचंय ते १९१८ चं. हे मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं.

महाराजांना दोन मुलगे. थोरले राजाराम, पुढं गादीवर आले ते. धाकटे शिवाजी, प्रिन्स शिवाजी म्हणायचे. त्यांचं १९१७ मध्ये लग्न झालं आणि १९१८ च्या जूनमध्ये रानडुकराच्या शिकारीत ते गेले. वीस वर्षांचे पण नव्हते. सून इंदुमतीदेवी, अजून पोरच. आता ज्याच्या घरात तरणाताठा पोरगा गेलाय त्याला विचारा काय होतं ते. माझ्या थोरल्या चुलत्यांचा मुलगा हायवेवर गेला, आज अकरा वर्षं झाली, चुलते अजून त्याची चप्पल दारात ठेवतात. माणूस तिथंच थांबतो. कुणी थांबला तर त्याला नावं ठेवायची नसतात.

महाराज पण आतून मोडलेच असणार. पण बघा हं, त्याच १९१८ मध्ये त्यांनी महार वतनं, म्हणजे महारांना पिढ्यान्‌पिढ्या गावकीच्या कामाला बांधून ठेवणारी पद्धत, रद्द केली. ज्या जातींना इंग्रजांनी गुन्हेगार ठरवून रोज हजेरी द्यायला लावली होती त्यांची हजेरी बंद केली, ती पण त्याच वर्षी. त्या विधवा सुनेला कोपऱ्यात बसवलं नाही, कोल्हापूरजवळ सोनतळीला ठेवून तिच्या शिक्षणाची सोय केली, आणि राजवाड्यातल्याच जुन्या वळणाच्या लोकांना ते रुचणार नव्हतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. मार्च १९२० ला माणगावची अस्पृश्यांची परिषद, जिथं त्यांनी बाबासाहेबांना पुढं करून लोकांना सांगितलं की हा तुमचा पुढारी. बाबासाहेबांच्या 'मूकनायक' पाक्षिकाला अडीच हजार रुपये दिले, त्या काळचे अडीच हजार! आणि मुलाच्या आठवणीसाठी काय? १९२० मध्ये त्याच्या नावानं बोर्डिंग उभं राहिलं. प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग. आपण रोज त्या नावाच्या पाटीखालून जातो आणि आपल्याला वाटतं कुठल्यातरी प्रिन्सचं नाव असेल. ते एका बापाच्या मेलेल्या पोराचं नाव आहे भावांनो. पोरगा गेला म्हणून दुसऱ्यांच्या पोरांना जेवायला आणि झोपायला जागा.

हे कळल्यावर मला माझ्या दुकानातल्या तेवीस फोटोंची लाज वाटली. खरं सांगतो.

बोर्डिंगचं मला एवढं का लागतं ते पण सांगून टाकतो. माझे आजोबा चंदगडकडचे, घरात सातवं पोर. ते कोल्हापुरात एका बोर्डिंगात राहून शिकले, नाव मुद्दाम सांगत नाही कारण मग जात निघते आणि तुम्ही पत्र बाजूला ठेवून ती मोजत बसाल. घरून महिन्याला भाकरीचं पीठ यायचं, कधी यायचं नाही. आजोबा महाराजांना बघितलेले नव्हते, ते जन्मलेच महाराज गेल्यावर. पण सहा मेला घरात गोड करायचे नाहीत. आम्हा पोरांना वाटायचं त्यांच्या कुणा नातेवाइकाचा दिवस असेल. एकदा आजीला विचारलं तर ती म्हणाली, "ह्यांच्या अन्नदात्याचा दिवस हाय." एवढंच. पुढं काही सांगितलं नाही, आणि आम्ही पण आंबे कधी फोडायचे यातच होतो.

आता कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात, ते आपण भाषणात छाती काढून सांगतो. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच साली जैन बोर्डिंग, मग मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, एकेक करत उभं राहिलं. दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याजवळ उभं राहून नुसतं चारी बाजूला बघा. काहीजण म्हणतात जातवार बोर्डिंगं काढून जात पक्की केली. मला ते पटत नाही. ज्या काळात एका पंगतीला बसत नव्हते त्या काळात पोरांना आधी शहरात आणून छताखाली घेणं हेच पहिलं काम होतं, पंगत पुढची गोष्ट, आणि ती पण त्यांनी सोडली नव्हती. गंगाराम कांबळेंचं तर तुम्हाला माहीतच आहे. राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते, पाण्याला शिवले म्हणून मार खाल्ला, महाराजांनी त्यांना स्वतःच्या पायावर उभं रहायला सांगितलं, त्यांनी भाऊसिंगजी रोडला हॉटेल काढलं. लोक येईनात. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले, बरोबरच्या सरदारांना पण पाजू लागले. राजानं चहा पिला म्हटल्यावर बाकीच्यांची काय बिशाद. आणि महाराज गेल्यावर पहिलं स्मारक कुणी उभारलं? ह्याच गंगाराम कांबळेंनी आणि त्यांच्या लोकांनी, नर्सरी बागेत. दरबारानं नाही, सरदारांनी नाही. चहावाल्यानं. (आता समाधिस्थळ पण तिथंच झालंय. तुमच्या पेठेतनं चालत जाता येतं, पण तुमच्यातले किती जण आत गेलाय ते मी विचारणार नाही.)

महाराज गेले त्यावेळी बाबासाहेब लंडनला शिकत होते. तिथनं त्यांनी राजाराम महाराजांना दुखवट्याचं पत्र पाठवलं. फ्लेक्स नव्हता म्हणून नाही, लिहायला काहीतरी होतं म्हणून.

बरं. आता मुद्द्यावर येतो, पाल्हाळ लई झालं.

२०२२ ला शंभर वर्षं झाली तेव्हा सहा मेला सकाळी दहा वाजता सगळं कोल्हापूर शंभर सेकंद थांबलं होतं आठवतंय का? मी मशिन बंद करून दारात येऊन उभा राहिलो. रिक्षा थांबली, समोरचा भेळवाला हातात सुरी तशीच धरून उभा, एक बाई स्कूटीवरनं उतरून डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. ज्या शहरात सिग्नलला कुणी दहा सेकंद थांबत नाही तिथं शंभर सेकंद. अंगावर काटा आला होता. जगात भारी कोल्हापुरी म्हणतात ते त्या दिवशी मला खरं वाटलं, एरवी टीशर्टावर छापून देतो तेवढंच.

पण एकशे एकाव्या सेकंदाला काय झालं सांगू? हॉर्न. सगळ्यांचे एकदम. आणि माझ्या दुकानात फोन, काका फ्लेक्स झाला का, साहेब अकराला येणारेत.

तर माझं मागणं ह्या एकशे एकाव्या सेकंदाबद्दल आहे. मिरवणूक बंद करा, डॉल्बी बंद करा असं मी म्हणणार नाही, म्हणून काही होत नाही, आणि जयंतीला वाजवा की, आनंदाचा दिवस आहे. सहा मेचं तेवढं बोलतोय. तुमच्या मंडळाचा सहा मेचा खर्च काय असतो, मला अंदाज आहे कारण त्यातला मोठा तुकडा माझ्याकडंच येतो. फ्लेक्स, कमान, पुतळ्याला घालायचा तो क्रेननं उचलायचा हार, साउंड, पाहुण्यांना शाल-श्रीफळ. हे ह्या वर्षी करू नका. एक साधा फोटो, एक हार, दहा वाजता शंभर सेकंद उभं राहायचं. वाचलेल्या पैशातनं कुठल्याही एका बोर्डिंगातल्या एका पोराचं नाहीतर पोरीचं वर्षाचं मेसचं बिल भरा. तालमीच्या नावानं भरा, पावती घ्या, पावतीचा फोटो तालमीच्या ग्रुपवर टाका, त्यावर पाहिजे तर तेवीस फोटो बसवून मी देतो, फुकट. पोराचा फोटो मात्र टाकायचा नाही. ही अट आहे. ज्याला जेवू घातलं त्याचा चेहरा दाखवत फिरायचं नसतं, आजोबांचा कुणी दाखवला नव्हता.

आणि सहा मेची वेळ बघा कशी आहे. दहावी-बारावीचे निकाल लागायचे दिवस, नंतर लगेच ॲडमिशन. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगड तिकडनं पोरं येतात, मार्क असतात, पण खोली आणि जेवणाचं गणित जुळत नाही म्हणून बाप म्हणतो पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी ते पोरगं एमआयडीसीत हेल्परला असतं आणि पोरीचं लग्न झालेलं असतं. महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. आता आईबापाला दंड करून उपयोग नाही, त्यांच्याकडं घालायची इच्छा आहे, पैसा नाही. दंड करायचाच तर आपल्याला करा, मंडळांना. तालमीच्या पेठेतलं एक जरी पोरगं पैशापायी शाळेतनं गळलं तर अध्यक्षाला महिन्याला एक रुपया. रुपयानं काही होत नाही, पण दर महिन्याच्या मीटिंगला सगळ्यांसमोर तो रुपया काढून ठेवायचा म्हटलं की बघा कसे गल्लीबोळ फिरतील.

तुमच्यातले काही म्हणतील, हे काम सरकारचं आहे, बोर्डिंगच्या ट्रस्टचं आहे, आपण तालीमवाले काय करणार. अहो तालीम कुणी जगवली ह्या शहरात? पैलवानांना खुराक कुणी दिला? एका पोराच्या ताटात दूध-बदाम घालणं तुम्हाला कळतं, मग दुसऱ्याच्या ताटात आमटी-भात घालायला काय अवघड आहे. महापुरात तुम्हीच होता, २०१९ ला. छातीभर पाण्यातनं म्हाताऱ्या माणसांना पाठीवर आणलं तुम्ही, माझ्या सासूबाईंना पण. तेव्हा फ्लेक्स कुणी मागितला नव्हता, मशिनमध्येच पाणी होतं.

राधानगरीचं एक सांगतो आणि थांबतो. पावसाळ्यात धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आपल्या सगळ्यांचे मोबाइल वाजतात, तीन उघडले, पाच उघडले, सातही उघडले. ते धरण महाराजांनी भोगावतीवर सुरू केलं, पैशाअभावी काम रखडलं, आणि पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. त्यांनी ते भरलेलं बघितलंच नाही. ऊस आपण लावला, चहात साखर आपण घातली.

तर विचार करा. सहा मेच्या आधी बऱ्याच तालमींच्या बैठका असतात, तिथं हे कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं, मला बोलवायची गरज नाही, मी बोलायला लागलो की अडखळतो. ज्यांनी ऑर्डर आधीच दिलीय त्यांनी कॅन्सल केली तरी ॲडव्हान्स परत मिळेल. फक्त चार तारखेच्या आत सांगा, नंतर छापून झालेला असेल तर मी काय तो घरी पांघरू का?

आपला,
फ्लेक्सवाला काका

ता.क. सहा तारखेला दहाला मी नर्सरी बागेत असणार आहे. शंभर सेकंद झाले की जे कोण तिथं असतील त्यांचा चहा माझ्याकडं. कोण कुठल्या पेठेचा, कुठल्या गटाचा, मागच्या इलेक्शनला कुणाच्या गाडीत होता, हे विचारणार नाही. कप मात्र सगळ्यांनी आपापला धुवायचा.